युरियाच्या एका गोणीत किती वीज? उत्प्रेरक, अमोनिया आणि हरित हायड्रोजनचा हिशोब

खरीप तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात. अनुदानामुळे ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला तीनशे रुपयांच्या आत मिळते. ही गोणी तयार व्हायला साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियासाठी साडेचार किलो हायड्रोजन. भारतात हा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढला जातो. तोच पाण्यातून काढायचा म्हटलं, तर एका गोणीमागे सुमारे २३० ते २४० युनिट वीज लागेल. ज्या घरात महिन्याला सव्वाशे युनिट वीज वापरली जाते, त्या घराची ही जवळपास दोन महिन्यांची वीज झाली.

‘हरित अमोनिया’, ‘हरित हायड्रोजन’ हे शब्द सध्या बातम्यांमध्ये सतत दिसतात. ‘शास्त्रज्ञांनी नवा उत्प्रेरक शोधला, आता खत हवेतून आणि पाण्यातून फुकटात’ अशा पोस्टही फिरत असतात. यातलं खरं किती, हे समजून घ्यायचं तर आधी उत्प्रेरक काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते पाहावं लागेल.

उत्प्रेरक म्हणजे नेमकं काय?

उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण शेवटी स्वतः खर्च न होणारा पदार्थ. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. पुढे जर्मनीचे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याची नेमकी व्याख्या केली. उत्प्रेरणावरील कामासाठी त्यांना १९०९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुणे–मुंबई प्रवासाचं उदाहरण घेऊ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई किनाऱ्यावर. म्हणजे पुण्याहून मुंबईला जाणं हा एकूण उताराचा प्रवास आहे. तरीही वाटेत लोणावळ्यापर्यंत, म्हणजे ६०० मीटरच्याही वर, आधी चढावंच लागतं. रासायनिक क्रियांचंही असंच असतं. क्रियेतून शेवटी ऊर्जा बाहेर पडणार असली, तरी सुरुवातीला एक चढ पार करावा लागतो. त्याला ‘सक्रियण ऊर्जा’ म्हणतात. उत्प्रेरक या चढाखालून बोगदा काढून देतो. प्रवास सोपा आणि जलद होतो.

पण बोगद्यामुळे पुण्याची किंवा मुंबईची उंची बदलत नाही. मुंबईहून पुण्याला यायचं असेल, तर कितीही चांगला बोगदा असला तरी ५६० मीटरची उंची गाठावीच लागते. उत्प्रेरकाची मर्यादा हीच आहे. तो वाट सोपी करतो, ऊर्जा देत नाही. पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणं हा चढाचा प्रवास आहे आणि तो हायड्रोजन जळून पुन्हा पाणी होणं हा उताराचा. म्हणून ‘खास उत्प्रेरक वापरून फक्त पाण्यावर धावणारी गाडी’ हा दावा कितीही वेळा व्हायरल झाला तरी खरा ठरत नाही. पाणी फोडायला जितकी ऊर्जा घालावी लागते, त्यापेक्षा जास्त ऊर्जा त्यातून परत मिळत नाही.

हवेत नत्र भरपूर, तरी पिकं उपाशी

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन, म्हणजेच नत्र आहे. प्रत्येक शेतावर नत्राचा अक्षरशः समुद्र तरंगतो आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात आणि हा बंध रसायनशास्त्रातल्या सर्वात मजबूत बंधांपैकी एक आहे. तो तुटल्याशिवाय नत्र पिकाच्या उपयोगाचा होत नाही.

निसर्गाने यावर एक उपाय शोधला आहे. हरभरा, तूर, सोयाबीन यांची मुळं उपटून पाहिली की त्यांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींमध्ये रायझोबियम हे जिवाणू राहतात. त्यांच्याकडे ‘नायट्रोजनेज’ नावाचं विकर असतं. विकर म्हणजे सजीवांमधला उत्प्रेरक. या विकराच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. शेतातल्या साध्या तापमानाला, साध्या दाबाला ते नायट्रोजनचा बंध तोडून अमोनिया तयार करतं. म्हणूनच कडधान्यानंतर घेतलेल्या पिकाला खत कमी लागतं.

पण हेही फुकट होत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेचं चलन मानल्या जाणाऱ्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्च करावे लागतात. ही ऊर्जा शेवटी झाडाने उन्हातून बनवलेल्या साखरेतून येते. उत्प्रेरक कितीही कुशल असला तरी बिल कुणीतरी भरतंच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपची शेती नत्रासाठी चिलीहून जहाजाने येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती. हे साठे संपले तर काय, असा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी १८९८ मध्ये ब्रिस्टल इथल्या भाषणात जाहीरपणे विचारला. हवेतला नत्र पकडण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी शोधला नाही, तर गव्हाचा तुटवडा अटळ आहे, असा त्यांचा इशारा होता.

हेबर, बॉश आणि स्वीडनची लोखंडी माती

मार्ग सापडला जर्मनीत. कार्ल्सरूहे इथे फ्रित्झ हेबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ले रोसिन्योल यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजन थेट जोडण्याचा प्रयत्न चालवला होता. अडचण विचित्र होती. क्रिया वेगाने व्हावी म्हणून तापमान वाढवावं, तर तयार झालेला अमोनिया पुन्हा मोडायला लागतो. तापमान कमी ठेवावं, तर क्रिया जवळजवळ थांबते. हेबर यांनी यावर तीन उपाय एकत्र केले. दाब प्रचंड वाढवला, चांगला उत्प्रेरक वापरला आणि एका फेरीत न जुळलेला वायू पुन्हा पुन्हा त्याच यंत्रातून फिरवला.

२ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ या कंपनीच्या प्रतिनिधींसमोर हे यंत्र चालवून दाखवलं गेलं. नळीतून द्रवरूप अमोनिया थेंब थेंब पडू लागला. तेव्हा उत्प्रेरक होता ऑस्मियम, जगातल्या सर्वात दुर्मीळ धातूंपैकी एक. प्रयोगशाळेत तो चालला, पण कारखान्यांना पुरेल इतका ऑस्मियम पृथ्वीवर कुठे उपलब्धच नव्हता.

स्वस्त पर्याय शोधण्याचं काम बीएएसएफमधल्या अल्विन मिटाश यांच्याकडे आलं. त्यांच्या चमूने छोट्या छोट्या यंत्रांमध्ये एकामागून एक पदार्थ तपासले. १९१२ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे अडीच हजार मिश्रणांच्या साडेसहा हजारांच्या आसपास चाचण्या झाल्या होत्या, असं सांगितलं जातं. शुद्ध लोखंड निराशाजनक ठरलं. पण स्वीडनमधल्या गेलिवारे इथल्या खाणीचं मॅग्नेटाइट अनपेक्षितपणे उत्तम चाललं. कारण शोधल्यावर लक्षात आलं की त्यातली ‘भेसळ’च कामाची होती. लोखंडात थोडं अॅल्युमिनियमचं, कॅल्शियमचं आणि पोटॅशियमचं ऑक्साइड मिसळलं की त्याची ताकद कित्येक पटींनी वाढते.

दुसरी अडचण यंत्राची होती. प्रचंड दाब आणि उष्णता असताना हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खायचा आणि नळ्या काही दिवसांतच फुटायच्या. कार्ल बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर आणि बाहेरून बारीक छिद्रं पाडलेलं पोलाद अशी दुहेरी नळी बनवून हा प्रश्न सोडवला. १९१३ मध्ये ओपाऊ इथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. हेबर यांना १९१८ चं आणि बॉश यांना १९३१ चं नोबेल मिळालं.

या शोधाला दुसरी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धात याच अमोनियापासून जर्मनीने स्फोटकं बनवली. १९१५ मध्ये ईप्र इथे झालेल्या क्लोरीन वायूच्या हल्ल्यामागेही हेबरच होते. त्याच वेळी हेही खरं, की आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न याच प्रक्रियेतून येणाऱ्या खतांवर पिकतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

लोखंडावर नेमकं काय घडतं?

कारखाने धडाक्यात चालू असले, तरी लोखंडाच्या पृष्ठभागावर नेमकं काय होतं, हे अनेक दशकं कोडंच होतं. जर्मनीचे गेरहार्ड एर्टल यांनी अत्यंत शुद्ध पृष्ठभागावर, निर्वात कक्षात एकेक टप्पा तपासून ते उलगडलं. नायट्रोजनचा रेणू लोखंडावर येऊन बसतो, तिथे त्याचे दोन अणू एकमेकांपासून सुटतात आणि मग प्रत्येक अणूला एकेक करून तीन हायड्रोजन चिकटतात. यातला सर्वात संथ टप्पा पहिला, म्हणजे तिहेरी बंध तुटण्याचा. पोटॅशियम त्याच टप्प्याला मदत करतं. पृष्ठभागावरच्या क्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं.

चांगल्या उत्प्रेरकाची एक जुनी कसोटी आहे. तिला फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांचं नाव आहे. उत्प्रेरकाने रेणूला धरायचं, पण फार घट्ट नाही. पकड सैल असेल तर रेणू न तुटताच निघून जातो. पकड फार घट्ट असेल तर तयार झालेला पदार्थ जागा सोडत नाही आणि पुढच्या रेणूला बसायला जागाच उरत नाही. लोखंड आणि रुथेनियम या मधल्या पट्ट्यात येतात. आजचं बरंचसं संशोधन पकडीचा हा नेमकेपणा साधण्यासाठी चालू आहे.

मग प्रदूषण कुठून येतं?

आजही बहुतेक अमोनिया कारखान्यांमध्ये लोखंडाचाच उत्प्रेरक असतो. तापमान साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या शंभर ते दोनशे पट किंवा त्याहून जास्त. पण कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग या टप्प्यात तयार होत नाही. तो त्याआधी, हायड्रोजन मिळवताना तयार होतो.

नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि वाफ यांना ८०० अंशांच्या आसपास निकेलच्या उत्प्रेरकावरून नेलं जातं. पुढच्या टप्प्यांत लोखंड आणि तांब्यावर आधारलेले आणखी उत्प्रेरक येतात. शेवटी एका बाजूला हायड्रोजन मिळतो आणि दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड. वायूवर चालणाऱ्या कारखान्यात एक टन अमोनियामागे साधारण १.८ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चीनमध्ये बराच हायड्रोजन कोळशापासून बनतो, तिथे हा आकडा बराच जास्त असतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे १८.५ कोटी टन अमोनिया बनतो. त्यातला ७० टक्के खतांसाठी जातो. या उद्योगातून वर्षाला सुमारे ४५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड थेट बाहेर पडतो आणि जगाच्या एकूण ऊर्जावापरात त्याचा वाटा सुमारे २ टक्के आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे, म्हणजे आरसीएफचे, तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळ इथले कारखाने नैसर्गिक वायूवरच चालतात. तुर्भे म्हणजे मुंबईतलं ट्रॉम्बे. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावं शेतकऱ्यांना पाठ असतात. भारत आपल्या गरजेचा साधारण निम्मा नैसर्गिक वायू आयात करतो. त्यामुळे परदेशात वायूचे भाव भडकले की देशाचं खत अनुदानही फुगतं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर वायू इतका महागला की युरोपातल्या अनेक अमोनिया कारखान्यांनी उत्पादन घटवलं. म्हणजे हायड्रोजनचा प्रश्न हवामानाचा आहे, तितकाच धान्याच्या भावाचाही आहे.

पाण्यातून हायड्रोजन: कल्पना जुनीच

पाण्यातून वीज नेली की ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटतं. वीज सौर, पवन किंवा जलविद्युत असेल, तर हायड्रोजन ‘हरित’ आणि त्यापासून बनलेला अमोनियाही ‘हरित’ म्हणवला जातो.

ही वाट नवीन नाही. नॉर्वेमधल्या नोर्स्क हिड्रो कंपनीने १९२९ पासून वेमोर्क इथे धबधब्याच्या विजेवर हायड्रोजन बनवून त्यापासून अमोनिया तयार केला. भारतातही हे झालं आहे. पंजाबात भाक्रा धरणाजवळच्या नांगल इथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जलविद्युत वापरून पाण्यातून हायड्रोजन काढला जात होता. त्या हायड्रोजनच्या जोडीने भारताचा पहिला जड पाण्याचा प्रकल्पही तिथेच १९६२ मध्ये सुरू झाला. पण विजेची इतर मागणी वाढली, तेल आणि वायू स्वस्तात मिळू लागले आणि ही पद्धत मागे पडली. नांगलच्या कारखान्यातही पुढे इंधन तेल आणि नंतर नैसर्गिक वायू आला.

आता सौरऊर्जा स्वस्त झाल्यामुळे तो हिशोब पुन्हा मांडला जात आहे. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन मिळवायला ऊर्जेच्या नियमांनुसार किमान ३९ युनिटच्या आसपास वीज लागतेच. यात कुठलाही उत्प्रेरक सूट देऊ शकत नाही. प्रत्यक्षात मात्र आजची यंत्रं ५० ते ५५ युनिट घेतात. वरचे हे ११ ते १६ युनिट म्हणजे वाटेतला तोटा आणि उत्प्रेरकाला हात घालता येतो तो इथेच. एका गोणीला लागणाऱ्या साडेचार किलो हायड्रोजनसाठी हा तोटा ५० ते ७० युनिटचा होतो.

या तोट्याचा मोठा भाग हायड्रोजनच्या बाजूला होत नाही, ऑक्सिजनच्या बाजूला होतो. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने निघावे लागतात आणि ही क्रिया स्वभावतःच मंद आहे.

इलेक्ट्रोलायझरचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जुना प्रकार क्षारयुक्त द्रावणावर चालतो. त्याला निकेलसारखे स्वस्त धातू पुरतात, पण तो आकाराने मोठा असतो आणि विजेतले चढउतार त्याला फारसे मानवत नाहीत. दुसरा प्रकार खास प्लास्टिकच्या पडद्यावर चालतो. तो आटोपशीर आहे आणि सौरऊर्जेसारख्या कमीजास्त होणाऱ्या विजेशी चटकन जुळवून घेतो. पण त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला आम्लात टिकणारा इरिडियम लागतो. जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन इरिडियम निघतो, तोही प्लॅटिनमच्या खाणींतून, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. एक गिगावॉट क्षमतेच्या इलेक्ट्रोलायझरला तो काहीशे किलो लागतो.

१९०९ मध्ये ऑस्मियमपाशी जी अडचण आली, तीच आज इरिडियमपाशी आली आहे. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा इरिडियम कमी वापरण्याचे, किंवा निकेल आणि लोखंडावर चालतील असे नवे पडदे बनवण्याचे मार्ग शोधत आहेत. मिटाश यांना सापडलं तसं ‘भेसळयुक्त लोखंड’ इथे अजून सापडायचं आहे.

कमी तापमान, कमी दाब कशासाठी?

हायड्रोजन हरित झाला तरी तो जाणार अमोनियाच्या भट्टीतच. आजचे मोठे कारखाने दिवसाला तीन हजार टनांपर्यंत अमोनिया बनवतात आणि रात्रंदिवस एका चालीने चालतात. सूर्य मात्र संध्याकाळी मावळतो. सारखी थांबणारी आणि सुरू होणारी वीज या अवजड यंत्रणेला परवडत नाही. कमी तापमानाला आणि कमी दाबाला काम करणारा उत्प्रेरक मिळाला, तर छोटे, विजेप्रमाणे कमीजास्त करता येणारे कारखाने शक्य होतील.

या दिशेने काही पावलं पडली आहेत. रुथेनियम वापरणारा पहिला व्यावसायिक कारखाना १९९२ मध्ये कॅनडातल्या किटिमाट इथे सुरू झाला. रुथेनियम लोखंडापेक्षा कमी दाबाला चालतो, पण महाग आहे. २०१२ मध्ये जपानच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने वेगळा मार्ग दाखवला. काही खास सिमेंटमध्ये असणारं कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमचं एक संयुग घेऊन त्यांनी त्याच्या पोकळ्यांमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन साठवले. त्यावर बसवलेला रुथेनियम ते इलेक्ट्रॉन नायट्रोजनला देतो आणि तिहेरी बंध सैल होतो. जुन्या कारखान्यात पोटॅशियम जे काम करतं, त्याचंच हे पुढचं रूप म्हणता येईल.

हातमोज्यातला अमोनिया

सर्वात आकर्षक कल्पना म्हणजे भट्टी टाळून हवा, पाणी आणि वीज यांपासून खोलीच्या तापमानाला थेट अमोनिया बनवण्याची. गेल्या दशकात अशा यशाचे दावे करणारे शोधनिबंध मोठ्या संख्येने आले. पण अमोनिया इतक्या किंचित प्रमाणात तयार होत होता, की तो खरोखर हवेतल्या नायट्रोजनपासूनच आला का, अशी शंका घेतली जाऊ लागली. अमोनिया आणि त्याच्यासारखी नत्राची संयुगं हवेत असतात, माणसाच्या श्वासात असतात, रबरी हातमोज्यांवर असतात आणि रसायनांच्या बाटल्यांतही असतात.

२०१९ मध्ये डेन्मार्कचं तंत्रविद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये तपासणीची कडक पद्धत मांडली. साध्या नायट्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक, नायट्रोजन-१५, वापरायचा. तयार झालेल्या अमोनियात तोच सापडला, तर दावा खरा. या कसोटीत अनेक धातूंवरचे दावे टिकले नाहीत. लिथियमच्या मदतीने होणारी क्रिया मात्र टिकली. लिथियम नायट्रोजनला साध्या तापमानालाही पकडतो. पण त्या पद्धतीला वीज फार लागते आणि ती पाण्याऐवजी ज्वलनशील द्रावकात चालवावी लागते. शेतावरचं खतयंत्र त्यापासून अजून बरंच दूर आहे.

युरियाचा एक वेगळाच पेच

हरित अमोनियाच्या चर्चेत एक गोष्ट सहसा सुटते. युरिया बनवायला अमोनियाइतकीच कार्बन डायऑक्साइडचीही गरज असते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. आज तो कारखान्यातच हायड्रोजन बनवताना फुकट मिळतो. पाण्यातून हायड्रोजन काढला की हा स्रोतच बंद होतो आणि कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागतो. शिवाय तो युरियात कायमचा राहत नाही. शेतात पडल्यावर मातीतलं ‘युरिएज’ हे विकर युरिया फोडतं आणि तो वायू पुन्हा मोकळा होतो. मातीतलं ते विकरही उत्प्रेरकच, आणि त्याच्या गाभ्यात निकेल असतं.

डीएपीसारख्या खतांना कार्बन डायऑक्साइड लागत नाही. त्यामुळे हरित अमोनिया तिथे आधी वापरणं सोपं आहे. नांगलच्या जुन्या कारखान्यात पाण्यातल्या हायड्रोजनपासून युरिया बनत नव्हता, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट बनत होतं.

आणि शेतात दिलेल्या नत्रापैकी साधारण निम्माच पिकाच्या कामी येतो. उरलेला पाण्यात वाहतो किंवा हवेत जातो. त्यातून तयार होणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. अमोनिया हरित असो वा नसो, हे नुकसान तेच राहतं. ते कमी करायचं तर खत वेळेवर, मापात आणि मुळाशी द्यावं लागतं.

भारत कुठे आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नवी अक्षय ऊर्जा लागेल, असं मिशननेच म्हटलं आहे. खत कारखाने हे या हायड्रोजनच्या मोठ्या संभाव्य ग्राहकांपैकी आहेत.

उत्प्रेरकाच्या संशोधनात पुण्याचं नाव जुनं आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, झिओलाइट या सच्छिद्र पदार्थावर आधारलेले उत्प्रेरक विकसित झाले आणि १९८० च्या दशकात ते बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वापरात आले. झिओलाइटची नैसर्गिक स्फटिकं महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातही सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कारखान्यात मात्र मुद्दाम घडवलेला झिओलाइट लागतो. प्रयोगशाळेतली चिमूटभर पूड कारखान्यात वर्षानुवर्षं टिकेल अशी बनवणं हे किती वेगळं काम आहे, याचा अनुभव देशात आहे, हे या उदाहरणातून दिसतं.

पुढची बातमी वाचताना

नव्या उत्प्रेरकाची बातमी समोर आली, की चार प्रश्न विचारून पाहावेत. क्रियेसाठी लागणारी ऊर्जा कुठून येते आणि किती? उत्प्रेरक किती तास टिकला, दहा की दहा हजार? त्यातला धातू पुरेसा उपलब्ध आहे का? आणि तयार झालेला पदार्थ खरोखर त्याच क्रियेतून आला, हे कसं तपासलं?

अमोनियाच्या बाबतीत आज पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वात महत्त्वाचं आहे. लोखंड शंभरहून अधिक वर्षं आपलं काम चोख करत आलं आहे. अडलं आहे ते साडेचार किलो हायड्रोजनपाशी. त्यासाठीची वीज स्वच्छ आणि स्वस्त हवी, आणि वाया जाणारे ५० ते ७० युनिट कमी करणारा, दुर्मीळ नसलेला उत्प्रेरक हवा. यातली वीज उत्प्रेरक देऊ शकत नाही. वाया जाणारे युनिट मात्र तो वाचवू शकतो, आणि लाखो टन हायड्रोजनच्या हिशोबात ती बचत फार मोठी ठरते.